दुर्बिणीतून काय दिसत नाही

मलकापूरहून कोल्हापूरला निघालं की वाघबीळला पन्हाळ्याचा फाटा लागतो. शिवाजी विद्यापीठाचं अवकाश संशोधन केंद्र पन्हाळ्यावरच आहे. शाहूवाडीतल्या कुठल्याही शाळेत सहलीचा विषय निघाला की कोणीतरी म्हणणारच, "पोरांना तिकडं न्या, मोठ्या दुर्बिणीतून तारे दाखवा." इच्छा चांगली आहे. पण वेधशाळा म्हणजे डोळा लावून बसायची जागा, हा पहिला गैरसमज.

पन्हाळ्यावरून भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या साथीनं जो अभ्यास झाला, तो ताऱ्यांचा नव्हेच. तो आहे आभाळाच्या स्वतःच्या उजेडाचा. अमावास्येलाही आभाळ ठार काळं नसतं. सुमारे ९७ किलोमीटरवर ऑक्सिजनचे अणू मंद हिरवा प्रकाश सोडतात, अडीचशेच्या आसपास तांबडा. आपल्या डोळ्याला तो जाणवत नाही. सगळं आकाश एका दमात टिपणारा कॅमेरा तो पकडतो. त्या चित्रांत कधी काळे पट्टे उमटतात, म्हणजे आयनांबरात विरळ वायूचे प्रचंड बुडबुडे तयार झालेले असतात. जीपीएसचे संदेश त्यांतून येताना अडखळतात.

नारायणगावजवळच्या खोडदला तर डोळा लावायला काहीच नाही. तिथं आणि आसपासच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या रेडिओलहरी ऐकतात. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, तिथं अक्षरशः जत्रा भरते. खिशातला चालू मोबाईल म्हणजे त्या तबकड्यांच्या कानाशी वाजवलेला ताशा.

डोळ्यानं पाहायच्या दुर्बिणीपाशी रांग लावली, तरी अपेक्षाभंग ठरलेला. मृगातला तेजोमेघ पुस्तकात गुलाबी-जांभळा असतो, दुर्बिणीत करडा, आरशावर फुंकर मारल्यासारखा. यात फसवणूक कोणाचीच नाही. कॅमेरा बराच वेळ उघडा राहून प्रकाश साठवतो, डोळ्याला साठवता येत नाही, आणि अंधुक उजेडात आपल्याला रंगही कळत नाहीत. तारे मोठे दिसतील म्हणाल, तर तेही नाही. ते इतके दूर आहेत की मोठ्या दुर्बिणीतही ठिपकाच राहतात, फक्त ठळक होतात. शनीची कडी मात्र दिसते, मसुराएवढ्या शनीभोवती. २०२५ मध्ये तिची कडा नेमकी आपल्याकडे आली, तेव्हा तीही जवळजवळ गायब झाली होती.

चंद्र पौर्णिमेला पाहावा, हाही असाच एक समज. पौर्णिमेला ऊन चंद्रावर समोरून पडतं, सावल्या नाहीत, त्यामुळे विवरं सपाट वाटतात. शुद्ध अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर तीच विवरं खोल, धारदार दिसतात. ऑगस्टमधला उल्कावर्षाव तर आपण सोडूनच द्यावा. आंबा घाटातल्या पावसात छत्रीखाली काय दिसणार? १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुनेतल्या उल्का पाहाव्यात.

विज्ञान दिनाच्या भाषणांत हमखास येणारं एक वाक्य आहे: १८६८ मध्ये लॉकियरनं विजयदुर्गावरून हेलियम शोधला. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण आपल्या भागातून गेलं, हे खरं. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. ग्रहणाचे वेध फ्रान्सच्या जानसेननं गुंटूरहून घेतले, जॉन हर्शेल जमखंडीला होता. लॉकियरला सूर्यप्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाविना, मायदेशातच दिसली. तो विजयदुर्गाला आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रॅम्झीनं १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवरच शोधून काढला होता. किल्ल्याचं महत्त्व यानं तसूभर कमी होत नाही, तारीख तेवढी बदलावी.

शास्त्रज्ञांना बाळबोध प्रश्न विचारू नयेत, असं समजून मुलं गप्प बसतात. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली सही मिळे.

आणि ध्रुव. तो सगळ्यात तेजस्वी तारा नाही; तो मान व्याधाचा. ध्रुवाचा क्रमांक पन्नाशीच्या आसपास. शाहूवाडीहून तो क्षितिजापासून जेमतेम १७ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या पावणेदोन मुठींवर असतो. उत्तरेला डोंगर असला तर दिसायचाही नाही.

शाहूवाडीकडं जे आहे, ते पुण्याकडं उरलेलं नाही: अंधार. मार्गशीर्षात अमावास्येच्या आसपास, जेवणं उरकल्यावर गावाबाहेर, विजेच्या खांबांपासून दूर जा. बॅटरीला लाल कागद लावा आणि वीस मिनिटं मोबाईल खिशातच ठेवा. शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांजवळ, देवयानी नक्षत्रात, एक पुसट लांबट डाग नुसत्या डोळ्यांनी सापडेल. ती दुसरी आकाशगंगा आहे, तिचा हा उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला.