सायकलचा रस्ता मध्येच संपतो तेव्हा

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आठवीत गेलेल्या आमच्या मुलीनं जाहीर केलं, की ती आता रिक्षाकाकांबरोबर जाणार नाही, सायकलनं जाणार. शाळा घरापासून चार किलोमीटरवर. तिची आई लगेच ‘नाही’ म्हणाली. मी ‘बघू’ म्हणालो. घरात वडिलांच्या ‘बघू’चा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. पण हिनं तो शब्द धरून ठेवला. म्हणाली, ‘‘मग बघ ना बाबा, खरंच जाऊन बघ. सगळ्या रस्त्याला सायकल ट्रॅक आहे. नकाशात सलग रेघ दाखवलीये.’’

मी पुण्याचा. शाळेत सायकलनंच जायचो. ‘सायकलींचं शहर’ ही पदवी तेव्हा पुण्याला शोभायची. पुढे स्कूटर आली, मग गाडी आली आणि सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. शेवटी शेजाऱ्यांची सायकल मागून घेतली, हवा भरली आणि एका रविवारी सकाळी साडेसहाला निघालो. खिशात छोटी वही ठेवली. नियम एकच. मार्गानं साथ सोडली म्हणून पाय जमिनीला टेकावा लागला, की एक रेघ मारायची.

रस्त्याचं नाव मी सांगत नाही. दक्षिण पुण्यातला आहे, एवढं पुरे. आपल्यापैकी अनेकांच्या घराजवळ असा एखादा रस्ता सापडेल.

पहिले पाच-सहाशे मीटर फार छान गेले. फूटपाथला लागून तांबूस रंगाचा पट्टा, वर झाडांची सावली, शेजारून जाणाऱ्या बसचा धक्का नाही. मनात म्हटलं, मुलगी बरोबर सांगत होती. तेवढ्यात बसथांबा आला आणि पट्टा थांब्याच्या शेडमध्ये शिरला. शिरला म्हणजे तिथे संपला. पलीकडे पुन्हा सुरू होत होता, पण मध्ये बाकडं होतं आणि बाकड्यावर माणसं. पहिली रेघ.

पुढे लोखंडी खुंट. दुचाकी ट्रॅकवर चढू नयेत म्हणून लावलेले. हेतू चांगलाच आहे. पण गणित पाहा. साध्या सायकलचं हँडल सुमारे साठ सेंटीमीटर रुंद असतं आणि स्कूटर सुमारे सत्तर. फरक दहा सेंटीमीटरचा, म्हणजे चार बोटांपेक्षा थोडा जास्त. खुंटांत अंतर जास्त ठेवलं तर स्कूटर आत येते, कमी ठेवलं तर सायकलवाला उतरतो. शिवाय चालती सायकल सरळ रेषेत जात नाही, ती डावी-उजवीकडे थोडी डुलत असते. साठ सेंटीमीटरच्या हँडलला प्रत्यक्षात मीटरभर जागा लागते. इथे खुंट इतके जवळ होते, की उतरून, हँडल तिरकं करून सायकल काढावी लागली. मागून आलेला स्कूटरवाला मात्र फूटपाथच्या उतारावरून सहज आत आला आणि घंटी वाजवतोय म्हणून माझ्याकडेच रागानं बघत गेला.

त्यानंतर विजेची डीपी. मग एका सोसायटीचं फाटक, जिथे ट्रॅक गाड्यांसाठी खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. मग खोदकाम होऊन बुजवलेला भाग. तिथे जमिनीवर पांढऱ्या रंगात सायकलचं चित्र काढलेलं होतं. खोदताना पेव्हर ब्लॉक काढले आणि परत बसवताना जसे हाताला लागले तसे बसवले. त्यामुळे चाक एकीकडे, हँडल दुसरीकडे आणि सीट गायब. लहान मुलांच्या कोड्यासारखं ते चित्र जुळवत मी दोन मिनिटं उभा होतो.

आणि मग चौक. चौकाच्या अलीकडे वीस-पंचवीस पावलांवर ट्रॅक काही न सांगता संपला. पुढे रस्ता, पण रस्ता ट्रॅकपेक्षा खाली. रात्री पाऊस झालेला. मी तिरका उतरायला गेलो, पुढचं चाक ओल्या कडेला घासलं आणि मी आडवा झालो. गुडघा सोलला, बाकी काही नाही. पण हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. कडेच्या दगडाला सायकल काटकोनात नेली तर चाक दणका खातं आणि पार होतं. तिरकी नेली तर चाक कडेवर चढत-उतरत नाही, कडेला धरून घसरत जातं. सायकलचा तोल सतत हँडल हलवून राखलेला असतो. ते हलणं बंद झालं की तोल गेलाच. दोन बोटांची कडही त्याला पुरते, आणि पावसाळ्यात त्याहून कमी.

माझा वेग असेल ताशी पंधरा किलोमीटर. म्हणजे सेकंदाला चार मीटर. समोर काहीतरी गडबड आहे हे कळायला एक सेकंद, ब्रेक लावून थांबायला आणखी दोन. ओल्या ब्लॉकवर अजून जास्त. म्हणजे ‘मार्ग संपतो’ ही सूचना निदान वीस-पंचवीस मीटर आधी दिसायला हवी. ट्रॅक जिथे सुरू होतो तिथे निळ्या वर्तुळात पांढरी सायकल असलेली पाटी होती. ही वाट सायकलसाठी, असा तिचा अर्थ. सुरुवातीला पाटी, शेवटी काही नाही. ज्या शहराच्या पाट्यांवर पुस्तकं निघाली, त्या शहरात ‘पुढे ट्रॅक नाही, आपापलं बघा’ एवढं लिहायला कोणी नसावं, याचं मला पडल्या जागीही हसू आलं.

त्या रविवारी चार किलोमीटरमध्ये सतरा रेघा झाल्या. वेळ लागला एकतीस मिनिटं. मंगळवारी शाळेच्या वेळेला पुन्हा गेलो. दुधाचे टेम्पो, उभ्या केलेल्या गाड्या आणि भाजीच्या हातगाड्या धरून रेघा तेवीस झाल्या.

त्याच दिवशी आमच्या सोसायटीचे वॉचमन मामा भेटले. रोज सायकलनं येतात. ते ट्रॅकवरून नाही, भर रस्त्यातून चालले होते. विचारलं, ‘‘मामा, ट्रॅक सोडून इकडून कसे?’’ म्हणाले, ‘‘साहेब, तिथं चढायला जागा हाय, उतरायला कुठंय? डुटीला उशीर झाला की पगार कापत्यात. रस्त्यानं गेलं की निदान कुठं जायचं ते कळतं.’’

हे ऐकलं आणि मला एक जुना वाद आठवला. ट्रॅक बांधतात, पण सायकलवाले ते वापरत नाहीत, मग बांधायचे कशाला, असं आपण नेहमी ऐकतो. मामांचं उत्तर त्यावर पुरेसं आहे. नकाशावर मार्गाची लांबी किलोमीटरमध्ये मोजतात. सायकलवाला ती किती वेळा उतरावं लागलं त्यात मोजतो.

चौकातच मार्ग का तुटतो, हे मी एका निवृत्त अभियंता मित्राला विचारलं. त्याचं म्हणणं असं, की दोन चौकांमधला रस्ता आखणं सोपं असतं. एक कडा धरली आणि पट्टा मारत गेलं. चौकात मात्र प्रत्येक वितीचे दावेदार आहेत. डावीकडे वळणारी गाडी, वळायला जास्त जागा मागणारी बस, रस्ता ओलांडणारी माणसं, सिग्नलचा खांब, खालून जाणारी गटारं आणि केबल. तिथे सायकलला जागा द्यायची तर दुसऱ्या कोणाची तरी काढून घ्यावी लागते. म्हणून ड्रॉइंगमध्ये पट्टा चौकाच्या अलीकडे थांबतो आणि पलीकडे पुन्हा सुरू होतो. गंमत म्हणजे दोन चौकांच्या मधल्या रस्त्यावर सायकलवाला कसाबसा निभावतो. त्याला आधार हवा असतो तो नेमका चौकात, कारण गाडीची आणि त्याची वाट तिथेच एकमेकांना छेदते.

आपल्याकडे हा विचार नवा आहे असंही नाही. सायकल ट्रॅक कसे असावेत याच्या शिफारशी भारतीय रोड काँग्रेसनं १९६२ सालीच छापल्या होत्या. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानं वाहनं हलवण्यापेक्षा माणसं हलवण्याला महत्त्व दिलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्यात सातारा रस्त्यावर बीआरटी सुरू झाली, तिच्या आराखड्यात फूटपाथबरोबर सायकल ट्रॅकही होते. २०१७ मध्ये तर शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला, आठशे किलोमीटरहून मोठ्या जाळ्याचा. कागद भरपूर आहेत. अडतं ते दोन तुकड्यांच्या मधल्या वीस मीटरवर.

आणि अडतं ते फक्त आपलंच असंही नाही. सायकलचा विषय निघाला की आपण हॉलंडचं नाव घेतो आणि सुस्कारा सोडतो. पण तिथेही १९७० च्या दशकात रस्ते गाड्यांनी भरले होते. रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्या एवढी वाढली, की ‘मुलांचे बळी थांबवा’ अशा नावाची चळवळच उभी राहिली. मग सरकारनं द हेग आणि टिलबर्ग या दोन शहरांत प्रत्येकी एक उत्तम सायकलमार्ग बांधून पाहिला. रुंद, रंगीत, देखणा. परिणाम काय झाला? आसपासच्या गल्ल्यांतले सायकलवाले त्या मार्गावर आले, पण शहरात सायकल चालवणारे एकूण फारसे वाढले नाहीत. पुढे १९८० च्या दशकात डेल्फ्ट या लहान शहरात दुसरा प्रयोग झाला. तिथे एका मार्गाचा थाट केला नाही, तुटलेलं जाळं जोडलं. इथे छोटा पूल, तिथे भुयारी वाट, कुठे एकेरी गल्लीत सायकलला उलट जायची मुभा. सायकलचा वापर खरोखर वाढला तो तिथे. तिथले अभियंते आजही मार्गाच्या पाच कसोट्या सांगतात. सलगता, थेटपणा, सुरक्षितता, आराम आणि देखणेपणा. पहिली सलगता आहे.

पाट्यांची गोष्ट तर आणखी मजेची. बेल्जियममध्ये लिम्बर्ग नावाचा प्रांत आहे, एके काळी कोळशाच्या खाणींचा. तिथे ह्यूगो बोलेन नावाचे खाण अभियंते होते. जमिनीखाली अंधाऱ्या बोगद्यांत माणूस वाट चुकू नये म्हणून प्रत्येक फाट्याला क्रमांक देतात, हे त्यांना माहीत होतं. तीच युक्ती त्यांनी सायकलच्या वाटांना लावली. प्रत्येक फाट्यावर एक क्रमांक आणि पुढच्या क्रमांकांकडे जाणारे बाण. १९९५ मध्ये असं पहिलं जाळं सुरू झालं आणि नंतर ते शेजारच्या देशांत पसरलं. गावांची नावं, रस्त्यांची नावं काही माहीत असायची गरज नाही. चिठ्ठीवर चार-पाच आकडे लिहायचे आणि निघायचं.

सायकलवाल्याला पाटीकडून फार काही नको असतं. मी बरोबर वाटेवर आहे ना, वळायचं कुठे, आणि ही वाट कुठे संपते, एवढंच. तेही उंच खांबावर नको. ती गाडीवाल्यांची सोय. सायकलवर बसलेल्या माणसाची नजर पुढच्या दहा-पंधरा मीटर जमिनीवर असते, खड्डा आणि चेंबर शोधत. त्याला जमिनीवरचा बाण आधी दिसतो. रंगाचा एक डबा आणि एक रात्र, एवढ्यात पुष्कळ काम होईल.

हे सगळं मी रविवारी दुपारी घरात सांगत बसलो होतो. माझ्या गुडघ्याकडे बघत बायको म्हणाली, ‘‘म्हणजे नाहीच ना?’’ मी गप्प. मुलीनं वही मागून घेतली. थोड्या वेळानं ती कागदावर रस्ता काढून घेऊन आली. सतरा जागांना एक ते सतरा क्रमांक दिलेले. म्हणाली, ‘‘खाणीसारखं. आता यातल्या किती टाळता येतात ते बघू.’’ या वेळी ‘बघू’ तिचा होता.

पुढचे दोन रविवार आम्ही दोघं मिळून फिरलो. बसथांबा ते फाटक हा तुकडा आतल्या गल्लीतून गेलं की टळतो. तीन मिनिटं जास्त लागतात, पण गल्लीत वाहतूक कमी. खुंटांची जागाही तशीच टळली. चौक टळत नाही. तिथे ट्रॅक संपायच्या आधीच, झाडाची खूण धरून उतरायचं आणि सायकल हातात धरून झेब्रा पट्ट्यावरून चालत जायचं, असं ठरलं. तिच्या आईनंही एकदा स्कूटरवरून मागे येऊन पाहिलं. सतराचे सहा राहिले.

जुलैपासून ती आठवड्यातले तीन दिवस सायकलनं जाते, जोराचा पाऊस असला तर बसनं. कागद दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो. गेल्या सोमवारी घरी आल्या आल्या तिनं तो काढला आणि पेन घेऊन एक नवा आकडा लिहिला. गल्लीच्या तोंडाशी पाइपलाइनसाठी खोदलं होतं.