काट्यापेक्षा कंबर पाहा

'खात्यापित्या घरचा दिसतो' ही आपल्या भंडारा जिल्ह्यात कौतुकाची पावती समजतात. उलट सडपातळ माणूस 'मला काय व्हायचंय?' म्हणून निर्धास्त असतो. या दोन्ही समजुती मला धोक्याच्या वाटतात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

आपल्याकडे ही चरबी पोटात साठते. त्यामुळे इन्सुलिनचे काम बिघडते आणि मधुमेह ओढवतो. म्हणून शिंप्याचा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून माप घ्या. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेले, तर सावध व्हा. रक्तातील साखर तपासून घ्या.

मग उपाशी राहावे काय? मुळीच नाही. त्याने स्नायूही झिजतात. आपले जेवण भाताचे. भात सोडू नका, पण दुसऱ्यांदा वाढून घेताना वरण-भाजी घ्या. रोज अर्धा तास झपझप चाला.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांनी आहार सुधारला, चालणे वाढवले. वजन फारसे उतरले नाही, तरी मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. तेव्हा काटा हलला नाही म्हणून चालणे सोडू नका.