‘स्वावलंबन’ या शब्दातील ‘स्व’

‘स्वावलंबन’ हा संस्कृत समास मराठीत इतका रुळला आहे की त्याच्या घटकांकडे आपले सहसा लक्ष जात नाही. जो आपलाच आधार घेतो तो स्वावलंबी, एवढे त्यावरून कळते. परंतु हा ‘आपण’ म्हणजे एकटी व्यक्ती, कुटुंब की सारा पाडा, याविषयी शब्द मौन पाळतो. प्रस्तुत टिपणात या प्रश्नाचा विचार डहाणू तालुक्यातील कैनाड व त्या परिसरातील वारली वस्तीच्या संदर्भात करावयाचा आहे.

वारल्यांचे जुन्या पद्धतीचे घर पाहावे. लाकडी मेढी पुरून त्यांवर आढे व वासे चढवितात. मेढींमधील जागा कारवीच्या किंवा बांबूच्या कामट्यांच्या कुडाने भरून तो कूड शेणमातीने लिंपतात. वर गवताचे छप्पर. लग्नाच्या वेळी याच भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात. (चौक ‘लिहितात’ असा तेथील प्रयोग आहे, भाषाभ्यासकाने तो अवश्य टिपून ठेवावा.) यांतील बहुतेक सामग्री रानातून व शेतातून येते. पण आढे एकट्याने चढत नाही. शेजारी येतात आणि त्यांच्या घराच्या वेळी आपणांस जावे लागते. या व्यवहारासाठी मराठीत जुने शब्द आहेत : सावड, पैरा, इर्जिक. ‘दुसऱ्यावर न विसंबणे’ हा अर्थ यांपैकी एकातही नाही. केलेल्या कामाची फेड कामानेच होते, एवढाच त्यांचा आशय.

केवळ कसब म्हणजे स्वावलंबन नव्हे, हे याच भूमीच्या इतिहासावरून दिसते. घर बांधणे, दुधी भोपळा, बांबू, ताडाचे पान व मेण यांपासून तारपा तयार करणे, हे सारे वारल्यांस १९४५ पूर्वीही येत होते. मात्र त्यांचे हात त्यांचे नव्हते. जमीनदाराच्या शेतावर वेठ आधी, स्वतःची लावणी मागून. लग्नासाठी कर्ज काढलेला माणूस तर ‘लग्नगडी’ म्हणून सावकाराकडे राबे. मे १९४५ मध्ये, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी येथील परिषदेत गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ न देण्याचा निर्धार झाला. पाठोपाठ ५०० पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मजुरीची मागणी पुढे आली. त्या ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच वारली मारले गेले. स्वतःच्या छपरासाठी गवत कापणारा आणि मुंबईच्या बाजारासाठी ते कापणारा माणूस एकच होता. दुसऱ्या कापणीचा मोबदला ठरविण्याचा अधिकार मात्र त्याला नव्हता.

हात मोकळे झाले तरी सामग्रीचा प्रश्न उरतोच. कारवी व बांबू जंगलातले, आणि जंगल सरकारी. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात करून त्यावरील समाजाचा हक्क मान्य केला.

आज या भागात सिमेंटची घरे वाढली आहेत. त्यांस सावड पुरत नाही. गवंडी लागतो, रोख पैसा लागतो, आणि त्यासाठी भातकापणीनंतर कित्येकांना वीटभट्टीवर जावे लागते. तरीही जुन्या घरासाठी हळहळणाऱ्याने थोडे थांबावे. छप्पर पुन्हा पुन्हा शाकारावे लागे. आणि दरवर्षीचे लिंपण, ज्याचा उल्लेख मीही वर एका वाक्यात उरकला, ते बहुधा स्त्रियांच्याच वाट्यास येई.