जाड झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला पळवण्याआधी

कुत्रं जाड झालं की ‘रोज पळवा, उतरेल’ हा सल्ला हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याच्या गल्लीत फुकट मिळतो. आधी त्याचा हिशेब मांडून पाहू. ज्याचं वजन वीस किलो असायला हवं, असं एखादं लॅब्राडॉरच्या वळणाचं कुत्रं सव्वीस किलोवर गेलं आहे, असं धरा. एक किलोमीटर चालण्यात कुत्र्याच्या दर किलो वजनामागे एक कॅलरी किंवा किंचित जास्त खर्च होते. म्हणजे दोन किलोमीटरच्या फेरीत जेमतेम साठ कॅलरी. साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत दोनशेच्या आसपास असतात. फेरी संपली तरी भाकरीचा तिसरा हिस्सादेखील जिरलेला नसतो, आणि वर शाबासकी म्हणून दोन बिस्किटं दिली तर उरलंसुरलंही गेलं. वीस किलोच्या कुत्र्याला विसावलेल्या अवस्थेत दिवसाला साधारण 660 कॅलरी लागतात. सव्वातीन भाकऱ्यांतच त्या भरतात, दूध आणि उष्टंखरकटं त्यापुढचं. वजन ताटलीतून चढलेलं असतं, उतरवायचं तेही मुख्यतः ताटलीतूनच. मात्र नुसती भाकरी निम्मी करून चालत नाही. उतारवयात स्नायू टिकवायला प्रथिनं लागतात, म्हणून भाकरी कमी करताना उकडलेलं अंडं किंवा बिनमसाल्याचं चिकन त्या मापात बसवावं लागतं.

यावर आक्षेप ठरलेला असतो: मुक्या जिवाला उपाशी ठेवायचं का? नरसी नामदेव याच जिल्ह्यात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहेत, त्यामुळे कुत्र्याच्या पुढ्यातलं काढून घेणं इथे जिवावर येतं. (कथेतलं ते कुत्रं पळू शकत होतं, एवढं मात्र ध्यानात घ्यावं.) खाऊ घालणं म्हणजे माया, ही समजूत तपासायला एक पुरावा आहे. अमेरिकेत 48 लॅब्राडॉर पिल्लांच्या, एकाच वेताच्या, जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं जन्मभर दिलं. 2002 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पोटभर खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य 11.2 वर्षं, कमी खाणाऱ्यांचं 13. सांधेदुखीचं औषध सुरू करण्याची वेळही कमी खाणाऱ्या गटावर सुमारे तीन वर्षं उशिरा आली. कुत्र्याच्या आयुष्यात दोन-तीन वर्षं म्हणजे थोडी नव्हेत.

दुसरा गैरसमज नेमका उलट्या टोकाचा: ‘म्हातारं झालं, पडू द्या बिचाऱ्याला.’ पडून राहिलं की मांड्यांचे स्नायू झडतात, स्नायू झडले की सांध्यांवरचा भार वाढतो, दुखतं म्हणून ते आणखी पडून राहतं. उठताना मागचे पाय घसरणं, ओसरीची पायरी चढताना थबकणं, याला आपण ‘वय झालं’ म्हणतो. बहुतेकदा ते दुखणं असतं, आणि दुखण्यावर उपाय असतो. सांधे झिजलेल्या लठ्ठ कुत्र्यांच्या 2010 सालच्या एका अभ्यासात वजन सहा टक्क्यांच्या आसपास घटताच लंगडणं कमी झालेलं दिसलं. अभ्यास छोटा, चौदाच कुत्र्यांचा होता, पण सव्वीस किलोच्या कुत्र्याला दीड किलो उतरवणं ही आवाक्यातली गोष्ट आहे. ‘आमचं दिवसभर वाड्यात मोकळंच असतं’ असंही कुणी म्हणेल. मोकळं असतं खरं, पण वयस्क कुत्रं एकटं असलं की सावली धरून झोपतं. पट्टा धरून कुणी निघाल्याशिवाय ते चालत नाही.

पट्टा हातात घेण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. थायरॉइड मंदावल्यानेही वजन वाढतं, हृदय कमजोर असलं किंवा गोचीड तापाची लागण झाली तर कुत्रं धापतं, थकतं. ते गाढ झोपलेलं असताना मिनिटाला किती श्वास घेतं ते मोजा. तीसच्या वर सतत जात असेल तर चालणं नंतर, तपासणी आधी. तालुक्याच्या दवाखान्यात निदान झालं नाही तर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय फार दूर नाही. आणि घरातली आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका. माणसाच्या या गोळ्या कुत्र्याच्या पोटाला, मूत्रपिंडाला, यकृताला घातक ठरतात.

सुरुवात पाच ते दहा मिनिटांची, दिवसातून दोनदा, सपाट आणि मऊ जमिनीवर. मंदिराच्या रस्त्यापेक्षा गावाबाहेरची पाणंद बरी: गर्दी नाही, डांबर नाही, आणि चौकाचौकातल्या कुत्र्यांच्या टोळ्याही कमी. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरून येणारा पट्टा वापरला तर श्वासनळीवर ताण येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सहज उठलं तर आठवड्यानंतर दोन-तीन मिनिटं वाढवा, आखडलं असेल तर मागे या. चेंडू फेकण्याचा मोह टाळा. धावत जाऊन करकचून थांबणं आणि गर्रकन वळणं यात जाड कुत्र्याच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटतो. पोहण्याने सांध्यांवर भार येत नाही हे खरं, पण म्हणून सवय नसलेल्या कुत्र्याला सिद्धेश्वर धरणात उतरवायचं नसतं.

खरी धास्ती उन्हाची. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला घाम येतो तो तळपायांना, तोही नावापुरता. अंग निवतं ते धापा टाकूनच, आणि चरबीचा थर उष्णता आत कोंडतो. चपट्या नाकाच्या पगची गत तर आणखी वाईट. त्यामुळे ‘सकाळी नऊला जाऊन येतो’ हे उन्हाळ्यात चालत नाही. उजाडताच निघा. संध्याकाळी हाताची मागची बाजू सात सेकंद डांबरावर टेकवून पाहा, सोसवली नाही तर त्याचे पायही सोसणार नाहीत. जीभ गडद लाल, लाळ घट्ट, चाल अडखळती झाली की थांबा, सावलीत आणा, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि मग दवाखाना गाठा. आधी गाडी, मग पाणी, असं केल्यास मोलाचा वेळ जातो.

हे सगळं करूनही उपयोग होतोय की नाही हे डोळ्यांना कळत नाही, कारण रोज पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. बरगड्यांवरून तळहात फिरवा. त्या न दाबता बोटांना लागायला हव्यात. वजनासाठी हळद-सोयाबीन मोजणाऱ्या आडतीचा इलेक्ट्रॉनिक काटा चालतो, सकाळी गिऱ्हाईक नसताना विचारून घ्या. आठवड्याला एक-दोन टक्के, म्हणजे सव्वीस किलोमागे पाव ते अर्धा किलो घट पुरे. त्याहून वेगाने उतरत असेल तर खाणं फार कमी पडतंय असं समजा आणि डॉक्टरांशी बोला. पहिलं वजन मात्र फिरायला सुरुवात करण्याआधीच करा आणि तारखेसह लिहून ठेवा.