विमानांची धावपट्टी आणि आपल्या मुलांची धाव

पहाटे पाच वाजता कल्याण पूर्वेला मलंग रस्त्यावर उभे राहून पाहा. दूधवाल्यांच्या गाड्या, पहिल्या पाळीला निघालेले कामगार आणि त्यांच्यामधून धावत जाणारी मुले-मुली दिसतील. कोणाच्या पायात बरे बूट, कोणाच्या पायात बाजारातले स्वस्त कॅनव्हासचे, एखादा अनवाणीच. ही मुले हौसेखातर धावत नाहीत. कोणाला पोलीस भरतीत उतरायचे आहे, कोणाला सैन्यात जायचे आहे. पोलीस शिपायाच्या भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणी ५० गुणांची असते, आणि त्यात मागे पडलेल्याला लेखी परीक्षेच्या वर्गात बसायलाच मिळत नाही. आपल्या वस्तीजवळ मैदान उरलेले नाही. म्हणून रस्ता हेच मैदान.

माझी धाकटी मुलगी त्यांच्यातली एक. ती धावते आणि मी सायकलवरून मागे असतो. एकदा नेवाळीच्या बाजूला कुंपणाशी थांबून ती म्हणाली, "पप्पा, आत एवढी मोकळी जागा पडलीय आणि आम्ही मात्र डंपरच्या बाजूने धावायचं. ही जागा आहे तरी कोणाची?"

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता आले नाही. चाळीस वर्षे या भागात राहून मला ठाऊक नव्हते. मग वाचले, जुन्या माणसांना विचारले. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण याच रस्त्यांवर आपल्या अनेकांची मुले रोज धावतात.

मोकळ्या जागेची गोष्ट

१९४२ साल. दुसरे महायुद्ध आपल्या दाराशी आले होते. फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून पडले. एप्रिलमध्ये जपानी विमानांनी कोलंबो आणि विशाखापट्टणमवर बाँब टाकले. मुंबई हे मोठे बंदर. त्याच्या आसपास विमाने उतरायला जागा हवी म्हणून सरकारने कल्याणच्या दक्षिणेला, मलंगगडाच्या वाटेवरचा सपाट भातखाचरांचा पट्टा निवडला. भारत संरक्षण कायद्याखाली नेवाळी आणि आसपासच्या गावांची सुमारे सोळाशे एकर जमीन घेतली गेली आणि तिथे धावपट्टी झाली.

१९४५ साली युद्ध संपले. विमाने गेली, गोरे शिपाई गेले, दोन वर्षांत राज्यही गेले. जमीन मात्र सरकारकडेच राहिली आणि पुढे नौदलाच्या ताब्यात आली. धावपट्टीच्या कडेने गवत वाढले. बरेच शेतकरी तिथे पूर्वीसारखा भात लावत राहिले. शेतकऱ्यांचे म्हणणे असे, की जमीन युद्धापुरती घेतली होती, युद्ध संपल्यावर ती परत मिळायला हवी होती. सरकारचे म्हणणे असे, की जमीन कायदेशीर संपादन केलेली आहे आणि ती संरक्षण खात्याची आहे. हा वाद तीन पिढ्या चालत आला.

२०१७ साली नौदलाने भिंत घालायचे काम सुरू केले आणि पेरणीच्या दिवसांत वाद पेटला. २२ जून २०१७ रोजी गावकरी रस्त्यावर उतरले. टायर जळले, पोलिसांच्या गाड्या जळल्या. पोलिसांनी छऱ्यांच्या बंदुका चालवल्या. गावकरी जखमी झाले, पोलीसही जखमी झाले. ज्या रस्त्यावर आज आपली मुले पोलीस होण्यासाठी धावतात, तोच हा रस्ता.

बराकींचे शहर

युद्धाची दुसरी खूण म्हणजे उल्हासनगर. आजही तिथे पत्ता विचारला तर माणूस सांगतो, "कॅम्प नंबर चार" किंवा "बराक अमुक". तरुण मुलांना वाटते, ही नुसती नावे. तसे नाही. दुसऱ्या महायुद्धात तिथे कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प होता. आघाडीवर जाणाऱ्या आणि आघाडीवरून परतणाऱ्या माणसांचा हा मुक्काम. सुमारे सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसे राहू शकतील असा त्याचा पसारा होता.

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना या ओस पडलेल्या बराकींत आणून ठेवले. एकेका लांब बराकीत मधे आडोसे करून अनेक कुटुंबे राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. ज्यांनी कधी बंदूक पाहिली नव्हती, अशा बायाबापड्यांनी सैनिकांच्या खोल्यांत चुली मांडल्या आणि पुढे तिथेच कारखाने आणि बाजार उभे केले.

धावणाऱ्यांसाठी सांगतो. एक, दोन आणि तीन नंबरचे कॅम्प रेल्वेच्या पश्चिमेला आहेत, चार आणि पाच पूर्वेला. शहाडच्या बाजूने एक नंबरपासून सुरुवात केली तर पाचही कॅम्प एका सकाळी पायाखालून जातात. मात्र बाजार उघडण्याआधी जायला हवे, नंतर तिथे चालायलाही जागा नसते.

डोंगर आणि खाडी

कल्याण स्टेशनपासून मलंगगडाचा पायथा साधारण पंधरा किलोमीटर. नेवाळी नाका मधेच लागतो. नाक्याच्या पुढे इमारती विरळ होतात, दोन्ही बाजूंना भात दिसतो आणि समोर गडाचा सुळका उभा राहतो. वर हिंदू जातात, मुसलमान जातात, आणि नुसता वारा खायला आपली पोरेही जातात.

या गडानेही युद्ध पाहिले आहे. इंग्रज आणि मराठे यांच्या पहिल्या युद्धात १७८० साली इंग्रजांनी कल्याण घेतले. त्याच पावसाळ्यात कॅप्टन ॲबिंग्टन याने मलंगगडावर चाल केली. खालचा टप्पा त्याने घेतला, पण वरचा किल्ला काही हाती लागला नाही. गडावरच्या माणसांनी वरून दाद दिली नाही, आणि खाली मराठ्यांची फौज येऊन इंग्रजांचाच कोंडमारा झाला. शेवटी कर्नल हार्टलीची मदत आली तेव्हा त्यांची सुटका झाली. भर पावसात तो चिखल तुडवणारे बहुतेक शिपाई याच देशातले होते, दोन्ही बाजूंचे.

ज्यांना एवढे लांब जमत नाही त्यांनी कल्याण पश्चिमेला स्टेशनपासून दुर्गाडीपर्यंत जावे. अंतर दोनेक किलोमीटर, जाऊन येऊन चांगला सराव होतो. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीकाठी आपल्या आरमाराची जहाजे बांधायला सुरुवात केली. ठाण्याच्या वाचकांना तर तलावपाळीच्या जवळच किल्ला आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ साली मराठ्यांनी आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतलेला. आज तिथे मध्यवर्ती तुरुंग आहे. रोज त्या भिंतीजवळून जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक असते, की हा किल्ला आहे?

आपली जुनी वाट

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. ठाण्यात पावसाळ्यात भरणाऱ्या वर्षा मॅरेथॉनमुळे हा शब्द आपल्या घरी आला. पण हे अंतर आपल्या माणसांना नवे नाही. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून एक तुकडी निघाली. तिच्यात महार सैनिक मोठ्या संख्येने होते, इतर जातिधर्मांचेही होते. खांद्यावर बंदुका, बरोबर दोन तोफा. रात्रभर सुमारे चाळीस किलोमीटर चालून ती सकाळी भीमा-कोरेगावला पोचली, आणि विसावा न घेता, अन्नपाण्यावाचून दिवसभर लढली. स्तंभावरची नावे आपण दर १ जानेवारीला वाचतो. रात्रीची ती वाटचाल मात्र कोणी फारशी सांगत नाही. लढाई पायांनीही लढावी लागते, हे भरतीच्या मुलांना वेगळे सांगायला नको.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर ती मोडूनही टाकली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही आहे.

गरज होती तेव्हा आपली माणसे घेतली आणि गरज सरल्यावर घरी पाठवली. नेवाळीच्या शेतकऱ्यांकडून गरज होती तेव्हा जमीन घेतली, गरज सरल्यावर परत दिली नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. कायद्याचा निकाल काय तो लागो. पण युद्धापुरते घेणे आणि नंतर विसरणे म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्याने समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून "गाववाल्यांचे भांडण, आपल्याला काय त्याचे" असे आपल्या घरात तरी कोणी म्हणू नये.

धावताना एवढे पाळा

आता पालकांना आणि मुलांना चार गोष्टी.

पहिली, कुंपणाच्या आत जाऊ नका. जागा संरक्षण खात्याच्या ताब्यात आहे. भरतीच्या तोंडावर एखादा गुन्हा नोंदला गेला तर सारी मेहनत वाया जाईल.

दुसरी, रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे धावा. अंधारात काळे कपडे घालू नका, पांढरा सदरा घाला. कानात गाणी लावू नका, मागून येणारा डंपर ऐकू आला पाहिजे.

तिसरी, एकदम अंतर वाढवू नका. १६०० मीटरची तयारी करणाऱ्याने रोज पंधरा किलोमीटर धावून पोटऱ्या दुखवून घेऊ नयेत. आठवड्यातून एकदा लांब, दोनदा जोरात, बाकीचे दिवस सावकाश, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. धावण्याआधी एखादे केळे किंवा मूठभर भिजवलेले चणे पुरतात. परतल्यावर लिंबू-मीठ-साखरेचे पाणी घ्या.

चौथी, मुलींनी तीन-चारजणींचा गट करूनच निघावे, आणि घरातल्या एका मोठ्या माणसाने सोबत जावे. वडिलांची रात्रपाळी असेल तर भावाने उठावे. मुलगी धावते म्हणून शेजारी नावे ठेवतात, अशी तक्रार कानावर येते. सावित्रीबाई शाळेत जात तेव्हाही लोक शेणच फेकत होते. आपण सायकल काढावी आणि मागे जावे.

शेवटी

हे सगळे मी मुलीला एका रविवारी सांगितले. नेवाळी नाक्यावर चहा घेत होतो. तिने सगळे ऐकले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग मीच विचारले, "बाळा, उद्या तू वर्दी घातलीस, आणि तुझी ड्युटी याच नाक्यावर लागली, समोर गावकरी, तर काय करशील?"

ती म्हणाली, "ड्युटी तर करावीच लागेल, पप्पा. पण समोरचा माणूस कशासाठी आलाय, ते तरी मला माहीत असेल."

मला तेवढे पुरे वाटले. तिने बुटाची नाडी बांधली, घड्याळ लावले आणि निघाली. मी चहाचे पैसे दिले आणि सायकलवर टांग टाकली. त्या दिवशी ८०० मीटरला तिचे चार सेकंद कमी झाले.