शाईचे पेन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाईच्या पेनाचा शौक बाळगणारी माणसे महाराष्ट्रात आजही थोडीथोडकी नाहीत. निबेची जाडी, शाईची छटा आणि कागदाचा पोत या विषयांवर ती तासन्‌तास बोलू शकतात. परंतु या जाणकारांच्या वर्तुळाबाहेर, आणि कित्येकदा आतसुद्धा, पेनाविषयी काही समजुती कोणतीही रुजवात न होता पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. पावसाळ्यात कपाटातला कागदही ओलसर लागतो आणि वैशाखात खिशातले पेन हाताला कोमट लागते, अशा धामापूरसारख्या मालवण तालुक्यातील गावी तर या समजुतींना हवामानाचीही साथ मिळते, आणि चांगले चालते पेन निष्कारण कायमचे टोपणबंद होऊन पडते. म्हणून त्यांतील प्रमुख समजुतींची एकदा शांतपणे छाननी करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : आपले पेन दुसऱ्याच्या हाती दिले की निब बिघडते.

वस्तुस्थिती : निबेच्या टोकावर जो बारीक गोळा दिसतो, तो निबेच्या धातूचा नसतो. ऑस्मियम, रुथेनियम, टंग्स्टन यांसारख्या अतिकठीण धातूंच्या मिश्रणाचा कण तेथे जोडलेला असतो, आणि मधोमध चीर पाडून त्याला घासून गुळगुळीत केलेले असते. त्यास इरिडियम म्हणण्याचा प्रघात असला, तरी आजच्या बहुतेक निबांत इरिडियम नसते. हा कण झिजावयास वर्षानुवर्षांचे लेखन लागते. दुसऱ्याने केलेल्या एका सहीने त्याचा आकार पालटत नाही. खरा धोका आहे तो दाबाचा. बॉलपेनवर वाढलेला हात कागदावर जोर देतो, आणि त्या जोराने निबेच्या दोन्ही पाकळ्या फाकतात. असे झाले आहे काय, हे घरीच तपासता येते. निब भिंगाखाली, डोळ्यांसमोर आडवी धरावी : दोन्ही पाकळ्या एका पातळीत असाव्यात आणि चीर टोकाकडे निमुळती होत गेलेली दिसावी. एक पाकळी वर आणि दुसरी खाली असेल, तर पेन एका दिशेच्या रेघेला खरखरते आणि दुसऱ्या दिशेला मऊ चालते. पेन खुशाल द्यावे. मात्र देताना, ‘दाबू नका’ एवढे सांगावे.

गैरसमज : सोन्याची निब ती सर्वांत गुळगुळीत आणि लवचीक.

वस्तुस्थिती : निबेसाठी बहुधा १४ कॅरट सोने वापरतात, म्हणजे हजार भागांत ५८५ भाग सोने आणि उरलेले इतर धातू. सोन्याची निवड झाली ती मुख्यतः टिकाऊपणासाठी, कारण जुन्या शाया आम्लधर्मी असत आणि साध्या पोलादाला त्या गंज चढवीत. गंजरोधक पोलाद सर्रास मिळू लागल्यावर ही निकड उरली नाही. गुळगुळीतपणा टोकावरच्या त्या कठीण कणाच्या घासणीवर अवलंबून असतो, आणि तो कण सोन्याच्या व पोलादाच्या निबेला सारखाच जोडलेला असतो. लवचीकपणा येतो पाकळ्यांच्या लांबीतून, जाडीतून आणि वळणातून. सोन्याच्या कित्येक निबा अगदी ताठ असतात. सोन्याची निब ही सुंदर वस्तू आहे, यात शंका नाही. परंतु चांगल्या अक्षरासाठी ती अनिवार्य नाही.

गैरसमज : पेन काठोकाठ भरले की गळते, म्हणून अर्धेच भरावे.

वस्तुस्थिती : सत्य याच्या नेमके उलट आहे, आणि ते उमजण्यासाठी पेनाचे अंतरंग पाहिले पाहिजे. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली बांधलेल्या धामापूरच्या तलावाचे पाणी जसे बेताबेताने पाटात सोडून बागायतीला दिले जाते, तशी टाकीतली शाई निबेखालच्या जिभेतील बारीक चरातून टोकाकडे येते. पण पेनाची टाकी बंदिस्त असल्यामुळे, जेवढी शाई बाहेर पडेल तेवढी हवा त्याच जिभेच्या वाटेने आत यावी लागते. जिभेच्या बाजूला ज्या आडव्या खाचा दिसतात, त्या जास्तीची शाई क्षणभर धरून ठेवण्यासाठी असतात.

आता शाई सरत आली, म्हणजे टाकीत हवा अधिक झाली. आणि तापली की हवा प्रसरण पावते. ड्रॉपरने भरावयाच्या पेनात २ मिलिलिटर हवा साठली आहे आणि हाताच्या उबेने तिचे तापमान २८ अंशांवरून ३५ अंशांवर गेले असे धरले, तर ती सुमारे ०.०५ मिलिलिटरने फुगते. हा साधारण एका थेंबाचा हिशेब आहे, आणि तोच थेंब ऐन मजकुरावर पडतो. भरलेल्या पेनात हवाच अल्प असल्याने हा प्रसंग क्वचित येतो. शाई एक तृतीयांश उरली की पेन पुन्हा भरावे. विमानप्रवासातही, हवेचा दाब घटतो म्हणून, पेन पूर्ण भरून निब वर करून ठेवावे.

गैरसमज : अक्षर फुटले, तर दोष शाईचा किंवा निबेचा.

वस्तुस्थिती : दोष बहुतांशी कागदाचा असतो. लिहिण्याच्या कागदाला खळीचा हात दिलेला असतो, जेणेकरून शाई पृष्ठावर थांबावी आणि तंतूंत शिरू नये. ही खळ कमी पडली, किंवा कोकणच्या पावसाळ्यात कागद दमट झाला, की तंतू शाई ओढून घेतात आणि रेघेला मुळ्या फुटतात. जाड निबेतून शाई अधिक येत असल्याने ही खोड तेथे ठळक दिसते. उपाय साधे आहेत : कागद घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, आषाढ-श्रावणात बारीक निब वापरावी, आणि टीपकागद हाताशी असू द्यावा.

गैरसमज : शाई जितकी गडद तितकी टिकाऊ; आणि कोणतीही शाई कोणत्याही पेनात चालते.

वस्तुस्थिती : शाईच्या तीन जाती ध्यानात ठेवल्या की हा घोळ मिटतो. जुन्या दप्तरांतील मोडी दस्तऐवज प्रायः काजळ आणि डिंक यांच्या शाईने, बोरूने लिहिलेले आहेत. काजळ म्हणजे कार्बन, आणि त्यावर प्रकाशाचा परिणाम होत नाही, म्हणून ती अक्षरे आजही काळीभोर दिसतात. परंतु तीच शाई पेनात घातली, तर डिंकासह वाळून चर कायमचा तुंबतो. चित्रकलेच्या जलरोधक काळ्या शाईत तर लाखही असते. ती पेनात कदापि भरू नये.

दुसरी जात लोहयुक्त शाईची. सह्याद्रीत होणाऱ्या हिरड्यातील टॅनिन आणि हिराकस यांच्या संयोगाने अशी शाई होते; लिहिताना ती फिकी असते, आणि हवेतील ऑक्सिजन घेऊन काळी पडते. ती पाण्याने सहसा जात नाही, मात्र आम्लधर्मी असल्याने पेन नियमाने धुवावे लागते. तिसरी जात रोजच्या निळ्या शाईची. हा निव्वळ पाण्यात विरघळलेला रंग. दिसावयास कितीही गडद असला, तरी उन्हाने विटतो आणि पाण्याने पसरतो. पत्राला, रोजनिशीला ती उत्तम; खरेदीखतावर सही करावयाची असेल, तर पहिल्याने तिची पारख करावी. पेन धुण्यास थंड पाणी पुरते. गरम पाण्याने एबोनाइटचा, म्हणजे कठीण रबराचा, काळा रंग उतरतो, आणि स्पिरिटने कित्येक प्लॅस्टिकांना इजा होते. उरलेली शाई दौतीत परत ओतू नये. दमट हवेत तिला बुरशी धरण्याचे ते एक कारण असते.

गैरसमज : शाईचे पेन वॉटरमनने शोधले, आणि चांगले पेन परदेशीच.

वस्तुस्थिती : विमा-कराराच्या कागदावर डाग पडला म्हणून लुइस वॉटरमनने पेन शोधले, ही कथा प्रसिद्ध असली तरी तिला समकालीन आधार नाही. त्याचे पेटंट १८८४ सालचे. रुमानियाच्या पेत्राके पोएनारूला पॅरिसमध्ये शाई साठवणाऱ्या लेखणीचे पेटंट १८२७ सालीच मिळाले होते. वॉटरमनचे श्रेय शाईचा प्रवाह भरवशाचा करण्यात आहे, आणि ते मोठे आहे.

स्वदेशी परंपराही दुबळी नव्हती. मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी बंधूंसह १९३१ साली शाईची पूड आणि वड्या करण्यास प्रारंभ केला. तोच उद्योग पुढे कॅम्लिन म्हणून घराघरांत पोहोचला. बंगालमध्ये १९३४ साली सुलेखा शाई निघाली. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी घडविलेले पेन गांधीजींनी वापरले, आणि विदेशी पेनांना तो चांगला पर्याय असल्याचे १९३५ साली वर्ध्याहून पत्र लिहून कळविले.

एवढ्या विवेचनाचे सार असे, की शाईचे पेन ही नाजूक किंवा श्रीमंती वस्तू नसून, हवा आणि शाई यांच्या देवघेवीवर चालणारे एक साधे, दुरुस्त करता येणारे साधन आहे. आणि त्याला सर्वांत अधिक अपाय होतो तो वापराने नव्हे, तर शाईसकट पडून राहिल्याने. ज्यांच्या घरी वडिलांचे किंवा आजोबांचे पेन असे पडून असेल, त्यांनी ते रात्रभर थंड पाण्यात भिजत घालावे, स्वच्छ करावे, साधी निळी शाई भरावी आणि त्याने रोज पानभर लिहावे.