हाक, पाऊल आणि पुन्हा हाक

१९७८ साली लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहात क्रफ्ट्सचं श्वानप्रदर्शन भरलं होतं. मुख्य रिंगणातल्या दोन कार्यक्रमांमधला रिकामा वेळ भरून काढायचा होता. समितीतल्या जॉन व्हार्ली यांनी पीटर मीनवेल यांना हाताशी धरलं, घोड्यांच्या उड्यांचे अडथळे कुत्र्यांच्या मापाचे करून घेतले आणि चार-चार कुत्र्यांचे दोन संघ उतरवले. लोकांनी हा अडथळ्यांच्या शर्यतीचा खेळ, म्हणजेच अ‍ॅजिलिटी, उचलून धरला. १९८०मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबची मान्यताही मिळाली.

त्यानंतरच्या साडेचार दशकांत कुत्र्यांचा वेग वाढला, तरी या खेळात सगळ्यात जास्त शिकला तो माणूस, असं मला वाटतं. सुरुवातीचे अनेक हँडलर, म्हणजे सोबत पळत कुत्र्याला मार्ग दाखवणारे, आज्ञापालनाच्या तालमीतून आलेले. त्यांची सगळी भिस्त तोंडी हुकमावर. पुढे लक्षात येत गेलं की पळत्या कुत्र्याला शब्दाआधी खांदे, छाती आणि पावलं दिसतात.

फ्रंट क्रॉसच घ्या. हँडलर कुत्र्याकडे तोंड ठेवून गिरकी घेतो आणि कुत्रा त्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला येतो. दिसायला सोपं, पण सगळा खेळ वेळेचा. कुत्रा आपली उडी जमीन सोडण्याआधीच ठरवतो. तोवर हँडलरचं पाऊल वळलेलं असेल तर तो अंग आवरून दांडीला लगटून वळतो. गिरकी उशिरा झाली, तर लांब उडी पडते, वळण फाकतं आणि हातची वेळ जाते. हँडलर मात्र कुत्र्यालाच बोल लावत राहतो!

ब्लाइंड क्रॉसमध्ये कुत्र्याकडे पाठ करून बाजू बदलायची. नजर तुटते, म्हणून एके काळी नामवंत प्रशिक्षकही तो टाळायला सांगत. ही चाल रुजवण्यात फिनलंडचा वाटा मोठा. तिथल्या याक्को सुओक्नूटी यांची बॉर्डर कोली टेक्ला बहिरी झाली. हाका संपल्या. मग यानिता लेइनोनेन यांच्यासोबत त्यांनी शरीराच्या इशाऱ्यांवर हँडलिंगची पद्धत बसवली. तीच पुढे ‘वनमाइंड डॉग्ज’ म्हणून जगभर गेली. तिच्या इशाऱ्यांच्या क्रमात आवाज शेवटी येतो. एका बहिऱ्या कुत्रीने ऐकणाऱ्या सगळ्या कुत्र्यांचं भलं केलं, याचं मला फार अप्रूप आहे.

मधल्या काळात स्लोव्हेनियाच्या सिल्विया त्रकमन यांच्यासारख्यांनी चढ-उताराच्या अडथळ्यांवरून न थांबता पळत उतरणारे कुत्रे घडवले, तेव्हा हँडलर आणखी मागे पडू लागला. म्हणून अलीकडे आवाज परतलाय. डावं वळण, उजवं वळण, अडथळ्याच्या मागच्या बाजूने उडी, प्रत्येकाला वेगळा शब्द. पण तो आता उडीच्या आधी, ठरल्या जागी उच्चारायचा असतो, आणि त्या क्षणी पाऊल वेगळंच सांगत असेल, तर बहुतेक कुत्रे पावलाचंच ऐकतात. म्हणूनच स्पर्धेपूर्वी कुत्र्याविना मार्ग चालून पाहताना जाणते हँडलर रिकाम्या रिंगणात गिरक्या घेत तेच शब्द पुटपुटत असतात.